नव्वद दिवसांचं कुलूप

लिनक्स चालणाऱ्या संगणकात लॉगिन.डेफ्स नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. त्या यंत्रावर नव्या माणसाचं खातं उघडलं की त्याला कोणते नियम आपोआप लागू व्हायचे, ते तिथे लिहिलेलं असतं. पासवर्ड किती दिवस चालायचा, संपायच्या किती दिवस आधी सूचना द्यायची, एकाच्या फाइली दुसऱ्याला दिसायच्या की नाही. या फाइलीला कोणी हात लावला नाही, तर पासवर्डचं आयुष्य सहसा नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव दिवस असतं. मी एकदा भागाकार करून पाहिला होता, पावणेतीनशे वर्षांच्या जवळपास जातं. म्हणजे माझ्या खापरपणतवंडांनाही तोच पासवर्ड चालला असता, मला ती असती तर.

पुण्यात सतरा वर्षं मी हाच आकडा खोडून त्या जागी नव्वद लिहीत होते. कंपनीने आमचा अख्खा विभाग दुसऱ्या शहरात हलवला तेव्हा मी त्यांच्या मागे गेले नाही, गावी आले. फुलसावंगीहून थोडं आत आमचं गाव. भाऊ कपाशी आणि तूर करतो. त्याच्या घराला लागून दोन खोल्या होत्या, त्या मी घेतल्या आणि वेगळं दार पाडून वेगळं कुलूप लावलं. वहिनी म्हणाली, एका भिंतीला दोन कुलपं कायले? मी म्हटलं, सवय आहे. सवयच होती. पुण्यात एकदा फ्लॅटची चावी रिक्षात राहिली, तर दुसरी चावी कोणाकडेच नाही म्हणून मी चार तास जिन्यात बसून होते. त्यातून मी काही शिकायला हवं होतं. मी फक्त चावीला लांब दोरी लावली.

गावच्या वाचनालयाला कुठून तरी नऊ जुने संगणक देणगीत मिळाले होते. ते मांडून ठेवायला मागची खोली दिली होती आणि चालवायला माणूस नव्हता. मी सांभाळते म्हटलं. पहिल्या दिवशी गेले तर नऊही यंत्रांवर एकच खातं, आणि त्याचा पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिलेला. कोणीही यावं, उघडावं, काम करावं. एकाची जातीच्या दाखल्याची कागदपत्रं दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेत मिसळलेली. माझा राग मुळातच नाकावर असतो. त्या दिवशी तो खाली उतरलाच नाही.

आठ दिवसांत मी सगळं नीट केलं. नीट हा शब्द तेव्हा मला फार प्रिय होता. जुनं सगळं पुसून लिनक्स बसवलं. प्रत्येक सभासदाला वेगळं खातं दिलं आणि खात्याला त्याचा वाचनालयाचा सभासद क्रमांक. फाइली ज्याच्या त्यालाच दिसतील, शेजारच्याला नाही. तीनदा पासवर्ड चुकला की दहा मिनिटं दार बंद. पेनड्राइव्हची सगळी भोकं बंद, कारण पोरं त्यातून काय काय आणत. पासवर्ड नव्वद दिवसांनी बदलायचाच. आणि डिस्क लहान असल्यामुळे माझी स्वतःची भर म्हणून आणखी एक छोटी आज्ञावली लिहिली. पंचेचाळीस दिवस कोणी फिरकलं नाही तर खातं बंद करायचं, आणि बंद होऊन साठ दिवस झाले की आतलं सगळं साफ करायचं. पहाटे तीन वाजता ती आपोआप चाले आणि सकाळी मला यादी पाठवी. फळा मी ओल्या फडक्याने पुसला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये.

लोकांनी कुरकुर केली. एक निवृत्त मास्तर तर म्हणाले, बाई, बँकेतही इतका जाच नाही. मी ऐकून घेतलं आणि एक अक्षरही बदललं नाही.

वाचक एकशे बारा आषाढात आली. गावापासून दोन किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथली. तिशी ओलांडलेली, दोन मुलं, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत बाहेरून बी.ए. करण्याची पुस्तकं. शेवटचं वर्ष होतं. बाकीचे पेपर निघाले होते, एक प्रकल्प लिहून द्यायचा होता आणि तो टाइप केलेलाच हवा होता. तिने विषय घेतला होता तांड्यावरच्या बंद घरांचा. दिवाळी झाली की तांड्यातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात, गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. ते पाच महिने मागे तांडा कसा चालतो, म्हाताऱ्यांचं काय, शाळेतल्या मुलांचं काय, जनावरांचं काय, हे तिला लिहायचं होतं. अभ्यासकेंद्रातल्या मार्गदर्शक सरांना विषय फारसा पटला नव्हता, पण तिने तो सोडला नाही.

तिला कशासाठी एवढी निकड आहे, ते तिने मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. हंगामात मागे राहणाऱ्या मुलांसाठी तालुक्यात एक वसतिगृह चालतं. तिथे पुढच्या वर्षी एका बाईची जागा निघणार होती आणि पदवी लागणार होती. ती जागा मिळाली तर तिला पुन्हा कोयता घेऊन जावं लागणार नव्हतं आणि मुलांच्या दोन दोन शाळा होणार नव्हत्या. त्यासाठी प्रकल्प एप्रिलमध्ये जायलाच हवा होता. यंदा हुकला तर वर्ष गेलं आणि जागाही गेली.

मला ती आवडली होती. एका बोटाने टाइप करायची, पण चूक झाली की चूक दुरुस्त करूनच पुढे जायची. निंदणी-खुरपणीच्या दिवसांतही आठवड्याला दोन दुपारी येई. मी कधी मागून वाचायला गेले तर हाताने पडदा झाकी. मी मनात म्हणे, शाबास, हीच खरी सुरक्षित वागणूक.

दिवाळीनंतर जायच्या आदल्या दिवशी ती आली. चार प्रकरणं पूर्ण झाली होती, आल्यावर एकदा वाचून छापायची एवढंच बाकी होतं. नवा पासवर्ड तिने दसऱ्याच्या सुमारासच ठेवला होता. माझ्या टेबलापाशी येऊन तिने विचारलं की पाच महिने ती येणार नाही, तर आतल्या लिखाणाला काही होणार तर नाही ना. मी त्या वेळी दुसऱ्या यंत्राचं पोट उघडून बसले होते, तोंडात स्क्रू होता. मान वर न करता मी तिला म्हटलं, खातं वापरात ठेव, म्हणजे काही होत नाही. ती बरं म्हणाली आणि गेली.

एवढंच बोलणं झालं होतं. मी ते त्याच दिवशी विसरले.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, एक पन्नाशीपुढची बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिला मी चेहऱ्याने ओळखत होते. दर दुसऱ्या गुरुवारी बाजाराची थैली दाराशी ठेवून ती आत येई, कोपऱ्यातल्या यंत्रावर दहा मिनिटं बसे आणि जाई. एवढ्या वयात शिकते आहे याचं मला कौतुक वाटे, म्हणून मी कधी मध्ये पडले नाही. त्या दिवशी ती जरा काळजीत होती.

"बाई, हे नवीन चाबी मांगून राह्यलं," ती म्हणाली. "तिले इचारल्याशिवाय मी कशी बदलवू? ती येईस्तोर जुनीच राहू द्या."

मला आधी काही कळलंच नाही. मग उठून तिच्याबरोबर कोपऱ्यात गेले. पडद्यावर वाचक एकशे बाराचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं की पासवर्डची मुदत संपली आहे, नवा द्या. माझेच नव्वद दिवस. मी विचारलं, हे खातं तुमचं नाही, मग तुम्ही यात कशा गेलात? तिने अगदी सरळपणे सांगितलं. ती एकशे बाराची तांड्यातली शेजारीण होती. ऊसतोडीला जाताना जशी घराची चावी तिच्याकडे ठेवली, तशी ही पण ठेवली. पंधरा दिवसांनी एकदा यायचं, उघडायचं, सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहायचं आणि बंद करून जायचं. अक्षरांची ओळख होती तिला, फाइल उघडून वरपासून खालपर्यंत नजर फिरवता येत होती. ती म्हणाली, काही हलवलं नाही, फक्त पाहिलं.

आज लिहिताना मला त्या दहा मिनिटांचं मोल कळतं. त्या दिवशी मला फक्त फळ्यावरचं वाक्य दिसत होतं. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. इतर वाचक वळून पाहत होते, आणि ते पाहताहेत म्हणून माझा आवाज आणखी चढला. पासवर्ड दुसऱ्याला देणं म्हणजे काय, उद्या कोणी काय करून ठेवलं तर जबाबदार कोण, नियम सगळ्यांना सारखे, असं बरंच काही बोलले. मी तिच्यासमोरच ते खातं बंद केलं. एका ओळीची आज्ञा असते, दोन सेकंदांचं काम.

तिने विचारलं, आता घर बंद का? मी हो म्हटलं.

"मंग सामान तरी माह्या हवाली करा, बाई. बंद घरात कोनाचं सामान ठेवत नसते."

फाइली फक्त मालकालाच मिळतील, मालक आली की ती स्वतः येऊन खातं उघडून घेईल, असं मी तिला सुनावलं. ती थैली उचलून गेली. त्यानंतर ती आली नाही. मी मात्र दिवसभर स्वतःवर खूश होते. संध्याकाळी भावाला हा किस्सा हसत हसत सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, तांड्यातली लोकं अशीच करतात, त्यांची घरं तशीच सांभाळली जातात. मी म्हटलं, घर वेगळं आणि संगणक वेगळा. त्याने विषय सोडला, कारण तो माझा स्वभाव जाणून आहे.

खातं बंद झालं त्या दिवसापासून साठ दिवस मोजले जाऊ लागले, हे माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. ती आज्ञावली मीच लिहिली होती, पण ती लिहिताना मी उन्हाळ्याच्या सुटीत मामाकडे गेलेल्या शाळकरी पोरांचा विचार केला होता. याच तालुक्यात जन्मले, लहानपणी दर दिवाळीनंतर उसाच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या गाड्या पाहिल्या, त्यांच्या मागे धावले. आणि नियम लिहायला बसले तेव्हा असा लिहिला, की जणू जगातला प्रत्येक माणूस बाराही महिने एकाच जागी बसलेला असतो. पुण्यात असं लिहिलं असतं तर एक वेळ अज्ञान म्हणता आलं असतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळची यादी आली. साफ केलेली खाती चार, त्यात एकशे बारा. नुसता आकडा. मी चहा पिता पिता ती वाचली, डिस्कवर किती जागा मोकळी झाली ते पाहिलं आणि यादी काढून टाकली.

पाडव्याच्या तोंडावर वाचक एकशे बारा परत आली. उन्हाने रापलेली, हाताला उसाच्या पात्यांचे बारीक काप. बरोबर शेजारीण होती, पण ती आत आली नाही, दाराशीच थांबली. आत आलेलीने माझ्याशी भांडण काढलं नाही. तिला सगळं कळलं होतं, आणि नियम असेल म्हणून तिने मानून घेतलं होतं. आता ती आली होती, मालक होती, तर खातं उघडून द्यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. अजून बारा दिवस हातात होते.

मी खातं उघडायला घेतलं आणि माझ्या लक्षात आलं. मी आधी नुसतीच इकडेतिकडे शोधत राहिले, फाइल नाही हे माहीत असूनही. मग दर आठवड्याची प्रत जिथे ठेवते ती डिस्क काढली. तिच्यावर तीन आठवड्यांच्या प्रती राहतात, चौथी आली की पहिली पुसली जाते. तिचं लिखाण असलेली शेवटची प्रत चार दिवसांपूर्वीच पुसली गेली होती. मला तिला सांगावंच लागलं. मी फिरवून सांगितलं नाही. तुझं लिखाण मी पुसलं, असंच म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मॅडम, तुमीच तं म्हनलं होतं, खातं वापरात ठेवजो म्हून. म्या ठेवलं होतं."

आयुष्यात मला पुष्कळ जणांनी पुष्कळ बोल लावले आहेत, आणि बहुतेकांना मी तिथल्या तिथे परतवलं आहे. हे वाक्य मात्र खरं होतं. मी जे सांगितलं तेच तिने केलं होतं. तिच्या जगात जी पद्धत शेकडो घरांना पुरते, त्या पद्धतीने केलं होतं. माझ्या जुन्या फळ्याच्या अंदाधुंदीत तिची फाइल दहा जणांनी पाहिली असती, एखाद्याने आपल्याकडे उतरवून घेतली असती आणि ती वाचली असती. मी इतकी सुरक्षित केली की वाचवायलाच कोणी उरलं नाही.

त्या दुपारी घरी जाऊन मी रडले. वहिनीने काय झालं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, तुमची ती हळदकुंकवाची डबी पाहिली का?

खंडेनवमीला भाऊ घरातली सगळी अवजारं धुऊन पूजेला मांडतो, विळे, कुऱ्हाड, वखराची पास, ट्रॅक्टरचे पाने. गेल्या दसऱ्याला त्याने मला चिडवलं होतं, की तुझं अवजार कुठे आहे. मी पण थट्टेने प्रती ठेवायची डिस्क आणून त्या रांगेत ठेवली. वहिनीने तिला मनोभावे हळदकुंकू वाहिलं, आणि ते बरोबर तारेच्या भोकात गेलं. मी वैतागून तिथेच टाकली आणि दिग्रसहून नवीन आणली. वहिनीने जुनी फेकली नव्हती. पूजेतलं फेकत नाहीत म्हणून कापडात गुंडाळून विळ्यांच्या पेटीत ठेवली होती.

टाचणीने ते भोक साफ करायला मला अर्धा तास लागला. डिस्क लागली. दसऱ्याच्या आधीची प्रत होती, आणि त्यात एकशे बाराची पहिली तीन प्रकरणं जशीच्या तशी होती. चौथं नव्हतं, कारण ते तिने दसरा ते दिवाळी या दिवसांत लिहिलं होतं. चौथं प्रकरण मागे राहणाऱ्या बायकांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तांड्यावर गेले. आधी शेजारणीच्या दारात. तिची माफी मागितली. मला माफी मागायची फारशी सवय नाही, त्यामुळे ती जरा लांबली. तिने मधेच थांबवून पाणी दिलं. मग मी दोघींना सांगितलं की टाइप मी करीन, तुम्ही फक्त सांगा. ते प्रकरण बरंचसं शेजारणीच्याच सांगण्यावरून लिहिलेलं होतं, त्यामुळे तिला तेच सगळं पुन्हा सांगावं लागणार होतं. ती म्हणाली, सांगतो ना, त्याले काय होते.

आठ दुपारी आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसलो. शेजारीण सांगे, अधूनमधून तांड्याच्या गोरबोलीत शिरे, मग धाकटी, म्हणजे एकशे बारा, ते मराठीत नीट बसवी आणि मी टाइप करी. तिथे मला पहिल्यांदा कळलं की चावी ठेवणं म्हणजे काय असतं. ही त्यांच्या तांड्याची रीत. चावी ठेवली म्हणजे राखण सांगितली असं नाही, घर उघडायला सांगितलं. आठ-पंधरा दिवसांनी दार उघडायचं, झाडायचं, कडुनिंबाचा धूर करायचा, धान्याच्या कोठीत हात घालून पाहायचा, अवसेला दिवा लावायचा. लागलं तर मीठपीठ न्यायचं आणि मालकीण आली की सांगायचं. जे घर पाच महिने कोणी उघडत नाही, त्याला चोराआधी वाळवी लागते. चावी नात्यातल्या माणसाकडेच द्यायची असं नाही, पण अबोला असलेल्याकडे देत नाहीत. आणि चावी देऊन कोणी परत मागे मोजदाद करत नाही. मोजदाद करायची असेल तर चावी द्यायचीच कशाला, असं ती म्हणाली तेव्हा मी टाइप करता करता थांबले. धाकटीने विचारलं, मॅडम, राह्यलं का काही? मी नाही म्हटलं आणि पुढे लिहिलं.

या धंद्यात मी जे शिकले ते खोटं आहे असं मला अजूनही वाटत नाही. पासवर्ड फळ्यावर लिहायचा नसतोच. पण यंत्र सुरक्षित ठेवणं म्हणजे लोकांना बाहेर ठेवणं, एवढंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. कोणाला आत येता आलं पाहिजे, कोणी नसताना कोणी पाहायचं, हा प्रश्न त्या फाइलीत कुठे विचारलेला नाही. तो नियम लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायचा असतो. मी विचारला नव्हता, कारण माझ्या स्वतःच्या घरात तो कधी उठलाच नव्हता.

मुदतीच्या दोन दिवस आधी प्रकल्प छापून झाला. ती तो छातीशी धरून एसटीने दिग्रसच्या अभ्यासकेंद्रात देऊन आली. शाई फिकी आली होती म्हणून दोन पानं मी तिला पुन्हा काढून दिली. पावसाळ्यात निकाल लागला, ती दुसऱ्या वर्गात पास झाली. वसतिगृहातली जागा तिला मिळाली. यंदा दिवाळीनंतर तांड्यातून गाड्या निघाल्या तेव्हा ती निरोप द्यायला उभी होती, गाडीत नव्हती. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. मलाही नाही.

मी माझे नियम बदलले. साफसफाईची आज्ञावली काढून टाकली. आता काही पुसायचं असलं तर मी स्वतः त्या माणसाच्या घरी विचारते. खातं उघडताना प्रत्येकाला विचारते, तुम्ही नसताना कोणाला उघडू द्यायचं, आणि त्या माणसाला त्याच्या स्वतःच्या पासवर्डने ती फाइल पाहायची मुभा देते. यंत्राला हे पहिल्यापासून येत होतं. नव्वद दिवस मात्र मी ठेवले आहेत, मास्तरांची कुरकुरही चालू आहे.

यंदा दिवाळीनंतर माझं पोटाचं ऑपरेशन ठरलं. नागपूरला जायचं होतं, महिनाभर तरी परतणं नव्हतं. बॅग भरताना मला सुचलं की या सगळ्या यंत्रांचा जो मुख्य पासवर्ड आहे, ज्याच्याशिवाय काहीच दुरुस्त करता येत नाही, तो माझ्या डोक्याबाहेर कुठेच नाही. ऑपरेशन मोठं नव्हतं, पण भूल द्यायचीच होती. वाचनालयाच्या चिटणीसांना विचारलं तर ते दोन पावलं मागे सरकले. मी तो कागदावर लिहिला, पाकिटात घालून डिंकाने बंद केला आणि तांड्यावर गेले.

शेजारीण दारात तूर निवडत बसली होती. धाकटी वसतिगृहात राहायला गेली होती, तिचं घर बंद होतं आणि चावी अर्थातच इथे होती. मी पाकीट दिलं, काय आहे ते सांगितलं. मी नसताना काही अडलं तर वाचनालयात द्यायचं, नाही तर ठेवून द्यायचं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

"एवढे वर्षं कोनापाशी होती मंग?"

"कोणापाशीच नाही."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "मंग तुमच्या मागं कोन पाहे, बाई?"

भाऊ शेजारीच राहतो, असं म्हणणार होते. ते खरंही होतं. पण त्या दाराची दुसरी चावी मी त्यालाही कधी दिलेली नव्हती. ती पर्सच्या आतल्या कप्प्यात होती, दोन्ही चाव्या एकाच पर्समध्ये. मी कप्पा उघडला, दोरी सोडवली आणि एक चावी काढून तिच्या हातावर ठेवली.